वास येण्याआधीचा तपास

विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसला, बादलीला पेट्रोलचा वास आला, की आपल्याकडे तपासाची एक चाकोरी ठरलेली असते. मळेकरी तक्रार करतो, तलाठी पंचनामा करतो, पाण्याची बाटली प्रयोगशाळेत जाते आणि सगळ्यांच्या नजरा सर्वांत जवळच्या पंपाकडे वळतात. पंपचालक रजिस्टर उघडून साठा बरोबर असल्याचे दाखवतो. प्रयोगशाळेच्या अहवालात सामू, क्षार, कठीणपणा, नायट्रेट असे सगळे येते. पेट्रोलाबद्दल मात्र अवाक्षर नसते. मग पाऊस लागतो, वास जातो आणि प्रकरण मिटते. या चाकोरीमागे एक समज आहे आणि तो तक्रारदार, अधिकारी, पत्रकार अशा सगळ्यांचा मिळून आहे: गळती झाली की नाही हे विहीर सांगते आणि कोणी केली हे अंतर सांगते.

मला हा समज वरवरचा वाटतो. माझे म्हणणे असे, की भूमिगत टाकीतून झिरपणाऱ्या इंधनाच्या बाबतीत विहीर ही साक्षीदार म्हणून फार कच्ची आहे. ती उशिरा बोलते, अर्धे बोलते आणि कातळाच्या प्रदेशात तर बोट भलतीकडेच दाखवते. म्हणून तपास टाकीपाशी सुरू झाला पाहिजे, तोही वास यायच्या आधी. टाकीचे वय, तिचा रोजचा हिशेब, तिच्या नळ्या आणि ती बंद पडल्यावर तिचे काय झाले याची सार्वजनिक नोंद, हा त्या तपासाचा पाया. संगमनेरचे उदाहरण मी मुद्दाम घेतो आहे. इथल्या कोणत्याही पंपावर मला आरोप करायचा नाही. या गावाखालचा खडक, इथले पाट आणि इथला ऊस हे तिन्ही मिळून प्रचलित समजाचा अपुरेपणा जितका उघडा पाडतात, तितका फार थोड्या ठिकाणी पडत असेल.

१. नाकावरचा विश्वास

पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले बहुतेक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, वर तरंगतात. विहिरीत दिसतो तो तवंग त्यांचा. जे विरघळतात त्यांत सर्वांत घातक बेंझीन. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या सिद्ध पदार्थांत घातले आहे. बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण आकारमानाने जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. एक टक्का म्हणजे किरकोळ, असे वाटेल. हिशेब करून पाहा. एक लिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास बेंझीन. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. अमेरिकेत ती ५ आहे. म्हणजे एका लिटर पेट्रोलमधले सगळे बेंझीन विरघळले, तर जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेला जाऊन टेकते.

आता नाकाचे सामर्थ्य पाहू. नुसत्या बेंझीनची चव पाण्यात लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या पुढे कळू लागते. वास कळायला त्याहून कितीतरी जास्त, १० मिलिग्रॅमच्या आसपास लागते. चव जिभेला कळते तेव्हा पाणी मर्यादेच्या पन्नास पट पुढे गेलेले असते. यावर कोणी म्हणेल, पेट्रोलला काही एकट्या बेंझीनचा वास येत नाही. टोल्युइन, झायलीन ही त्याची भावंडे नाकाला फार आधी कळतात. खरे आहे. परंतु तीच भावंडे मातीच्या कणांना अधिक चिकटतात आणि वाटेत अडतात. बेंझीन पाण्याबरोबर पुढे सरकते. टाकीशेजारच्या विहिरीला वास येईल आणि लोक तेवढी एकच विहीर सोडून देतील. पलीकडच्या, वास नसलेल्या विहिरीचे पाणी सगळे निर्धास्तपणे पीत राहतील.

प्रयोगशाळेने तरी हे पकडावे, तर तिला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक १०५००, त्याची २०१२ची आवृत्ती, खनिज तेलासाठी लिटरला ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा घालते. बेंझीनचा त्यात उल्लेख नाही. गावपातळीवरच्या संचाने किंवा नेहमीच्या तपासणीत ते सापडण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. आणि नमुना? बेंझीन उडून जाणारे आहे. त्याचा नमुना काचेच्या छोट्या कुपीत, हवेचा बुडबुडाही न ठेवता, बर्फात ठेवून न्यावा लागतो. आपल्याकडे पोहऱ्याने उपसलेले पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धे भरतात, दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी जमा करतात. अशा बाटलीतून 'निर्दोष' असा निष्कर्ष निघाला तर तो पाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

नाकावर विसंबण्याची दुसरी बाजूही आहे. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात एप्रिल १९९२ मध्ये लोकांना वास आला होता. गंजून भोक पडलेल्या भूमिगत वाहिनीतून पेट्रोल गटारांत उतरले होते, रहिवाशांनी तक्रारी केल्या होत्या, पाहणीही झाली होती. २२ एप्रिलला गटारे स्फोटांनी फुटत गेली आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. तपासाची सुरुवात वासापासून करायची, तर तो आल्यावर हाताशी किती वेळ उरतो हे कोणालाच माहीत नसते.

२. सर्वांत जवळचा पंप

अंतरावरून दोषी ठरवण्यामागे एक चित्र गृहीत धरलेले असते: जमीन म्हणजे सगळीकडे सारखी वाळू, आणि गळती तिच्यात हळूहळू, उताराच्या दिशेने पसरते. कॅलिफोर्नियाच्या गाळाच्या खोऱ्यांत हे चित्र बऱ्यापैकी जुळते. संगमनेरात प्रवरेच्या काठचा गाळाचा पट्टा सोडला तर ते कोलमडते.

इथे खाली दख्खनचा बेसाल्ट आहे. वर काळी माती, मग मुरूम, मग फुटलेला कातळ, मध्येच पोकळ्यांचा मांजऱ्या थर, त्याखाली ठोस काळा पाषाण, आणि पुन्हा तोच क्रम. पाणी साठते ते मुरमात आणि भेगांत. गाळात किंवा वाळूत पाणी सोडू शकणाऱ्या पोकळ्या आकारमानाच्या दहा-वीस टक्के असतात; विदारित बेसाल्टमध्ये हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांवर येते. याचा अर्थ साधा आहे: तेवढ्याच लिटर इंधनाला कातळात जागा कमी मिळते, म्हणून ते अधिक दूर जाते. ते पसरते सगळीकडे सारखे नाही, भेग नेईल तिकडे. टाकीपासून चाळीस पावलांवरची विहीर स्वच्छ आणि दोन शेते ओलांडून असलेल्या बोअरला वास, ही इथल्या खडकात चमत्काराची गोष्ट नाही.

संगमनेरने त्यात आणखी एक गुंता घातला आहे. बेसाल्टच्या आडव्या थरांना छेदून लाव्हा भेगांमधून वर चढला आणि तिथेच थिजला. त्यातून जमिनीत उभ्या दगडी भिंती तयार झाल्या. भूशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. संगमनेर परिसरात त्या इतक्या आहेत, की निनाद बोंद्रे, विल्यम हार्ट आणि हेतू शेठ यांचा या डाईकसमूहावरचा शोधनिबंध २००६ मध्ये 'जर्नल ऑफ जिऑलॉजी'त प्रसिद्ध झाला. त्यांचा विषय लाव्हाचे रसायन आणि उगम हा होता, पाणी नव्हे. परंतु पाणी शोधणाऱ्याला डाईक चांगलेच ठाऊक असतात. ठोस डाईक पाण्याला धरणासारखा अडवतो. तडकलेला डाईक त्याच पाण्याला आपल्या अंगाने लांबवर नेतो. एका बाजूच्या विहिरी भरलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या कोरड्या, हा अनुभव अशा ठिकाणी नवा नाही. मग इंधनाच्या बाबतीत आपण हे का विसरतो? जवळच्या पंपाला दोषी धरताना आपण गृहीत धरतो, की मध्ये भिंत नाही. लांबच्या पंपाला निर्दोष सोडताना गृहीत धरतो, की मध्ये वाट नाही. दोन्ही गृहीतके तपासल्याशिवाय पंचनाम्यात लिहिलेल्या अंतराला अर्थ नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत नवा पंप घरे, शाळा, दवाखाने यांपासून ५० मीटर दूर ठेवायला सांगितले. अडचण असेल तर काही अटींवर ३० मीटर. वाफ आणि आग यांचा विचार केला तर हे शहाणपणाचे आहे. मात्र हेच अंतर विहिरीलाही संरक्षण देते असे कोणी मानत असेल, तर तो खडकाला कायदा लावतो आहे.

एक जवळचे उदाहरण. ऑक्टोबर २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या सासवड गावाजवळ हिंदुस्थान पेट्रोलियमच्या मुंबई-पुणे-सोलापूर वाहिनीला चोरट्यांनी भोक पाडले. पेट्रोल जमिनीत मुरले, आसपासच्या विहिरींत उतरले, पिकांना फटका बसला. खडक आपल्यासारखाच. तरी हे प्रकरण लवकर उलगडले, कारण वाहिनीतला दाब पडला की कंपनीला कळते, भोक नेमके कुठे आहे ते सापडते, आणि चोर नावाचा गुन्हेगार असतो. उद्गम आधी कळला, विहिरी नंतर मोजल्या गेल्या. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ साली घरांच्या बोअरमधून तेल येऊ लागले तेव्हा क्रम उलटा होता: आधी लोकांचे पाणी गेले, मग भूमिगत इंधनवाहिनीची गळती पुढे आली, आणि प्रकरण हरित लवादापर्यंत जाऊन वर्षानुवर्षे रेंगाळले. पंपाखालच्या टाकीची गळती ही सासवडपेक्षा तोंडियारपेटच्या जातीची. तिला चोर नसतो, दाबाचा काटा नसतो, बातमीही नसते.

३. पाट सुटला की पुरावा बुडतो

तरंगणारे इंधन पाण्याच्या पातळीबरोबर चढते-उतरते आणि प्रत्येक फेरीत आजूबाजूच्या मुरमाला लेप देऊन जाते. पातळी उतरली, की अडकलेले इंधन सुटून भेगांत आणि विहिरीत गोळा होते. पातळी चढली, की ते पाण्याखाली मुरमात कोंडले जाते आणि तवंग पातळ होतो. म्हणून वास उन्हाळ्यात येतो आणि पावसाळ्यात जातो. 'पावसाने धुऊन गेले' असे लोक म्हणतात, आणि कागदही तसेच म्हणतात. धुऊन काहीच गेलेले नसते. उलट पाण्याखाली कोंडलेल्या त्या लेपातून बेंझीन विरघळण्याचे काम चालूच असते.

आपल्या तालुक्यात हा खेळ फक्त पावसाच्या हातात नाही. ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेचे डावे आणि उजवे कालवे निघतात. आवर्तन सुटले की खालच्या पट्ट्यातल्या विहिरी भर उन्हाळ्यात चढतात. आता त्यात निळवंडे आले. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी निळवंड्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले आणि तळेगाव दिघे, निमोण यांसारख्या पिढ्यान्‌पिढ्या तहानलेल्या भागाच्या दिशेने पाणी गेले. त्याचा आनंद योग्यच आहे. पण पाणीपातळीचा नकाशा बदलला की टाक्यांचा नकाशाही बदलतो. पंपाच्या टाकीचा तळ साधारण साडेतीन-चार मीटर खाली असतो. जी टाकी आजवर कोरड्या मुरमात बसली होती, ती वर्षातले काही महिने ओल्यात बसू लागली, तर तिचे गंजणे आणि गळणे या दोन्हींचे वेळापत्रक बदलणार. कालवा आखताना हा विचार कोणी करावा अशी माझी अपेक्षा नाही; पंपाची तपासणी करताना मात्र करावा.

इथेच एक गमतीची विसंगती दिसते. पावसाळ्यात कुठल्या तरी पंपावर पेट्रोलमध्ये पाणी निघते, गाड्या बंद पडतात, गर्दी जमते, चित्रफिती फिरतात, पंप बंद करून चौकशी लागते. ग्राहकाची फसवणूक झाली हा राग रास्त आहे. पण बाहेरचे पाणी आत आले असेल, तर आतले पेट्रोल बाहेर जाऊ शकत नाही का, हा प्रश्न त्या गर्दीत कोणी विचारत नाही. पाणी कधी भरण्याच्या नळीच्या झाकणातून शिरते, कधी वाफ थिजून जमते, कधी टँकरमधूनच येते. प्रत्येक वेळी टाकीला भोक असतेच असे नाही. परंतु भोक असेल तर ते दोन्ही बाजूंनी चालते: बाहेर पातळी चढली की पाणी आत, उतरली की इंधन बाहेर. जुलैतली ग्राहकाची तक्रार ही मे महिन्यातल्या विहिरीची आगाऊ सूचना असू शकते. आपण तिच्यावरून दंड करतो आणि फाइल बंद करतो.

४. ऊस, इथेनॉल आणि लांबणारी वाट

अहिल्यानगर जिल्ह्याला इथेनॉलबद्दल वेगळे सांगायला नको. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रयोग झाले, त्यांत महाराष्ट्रातली मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. २००३ पासून कार्यक्रम रीतसर सुरू झाला आणि २०२५ पर्यंत मिश्रण २० टक्क्यांवर पोचले. साखर धंद्याला त्याने आधार दिला, यात वाद नाही. भूजलाच्या बाबतीत मात्र त्याचा एक परिणाम आहे, जो आपल्या चर्चेत औषधालाही सापडत नाही.

मातीतले जिवाणू बेंझीन खातात, आणि प्राणवायू असेल तर चांगले खातात. गळती आपोआप ओसरते ती मुख्यतः त्यांच्या बळावर. पण समोर इथेनॉल आले, की जिवाणू आधी त्याच्यावर तुटून पडतात. भूजलात प्राणवायू आधीच बेताचा. तो इथेनॉल संपवण्यातच खर्च होतो आणि बेंझीन न खाल्लेले पुढे निघून जाते. बेंझीनची वाट लांबते. शिवाय इथेनॉलयुक्त पेट्रोल पाणी ओढून घेते. टाकीत पाणी जास्त झाले की इथेनॉल पेट्रोलपासून सुटून पाण्याबरोबर तळाशी बसते, आणि जुन्या टाकीचा तळ हीच गंजाची आवडती जागा. म्हणजे कोरड्या पेट्रोलच्या काळात बसवलेल्या टाक्या आणि त्या काळातले 'गळती फार लांब जात नाही' हे अनुमान, दोन्हींची फेरतपासणी व्हायला हवी. इथेनॉल थांबवा असे मी म्हणत नाही. ज्या जिल्ह्याने ते पिकवले, त्याने त्याच्या टाकीकडेही पाहावे, इतकेच.

५. टाकीपासून तपास म्हणजे नेमके काय

पंपावर रोज सकाळी रॉड टाकून डीप घेतात. उघडता साठा, आलेला माल, विकलेला माल, उरलेला साठा, फरक निघतो. हा फरक पाहण्याची आपली सवय भेसळ आणि चोरी पकडण्याच्या हेतूने घडलेली आहे. त्या नजरेला फरक मोठा लागतो. गळती लहान असते.

किती लहान? अमेरिकेत टाकीच्या घट्टपणाच्या चाचणीने ताशी ०.१ गॅलनची गळती ओळखलीच पाहिजे असा नियम आहे. ताशी ०.१ गॅलन म्हणजे दिवसाला नऊ लिटर, वर्षाला तेहतीसशे लिटर. आता दुसरा आकडा: दहा हजार लिटर पेट्रोलचे तापमान एका अंशाने बदलले, तर त्याचे आकारमान दहा-बारा लिटरने बदलते. दिवसभराची गळती तापमानाच्या एका अंशाआड लपते. म्हणून एका दिवसाचे रजिस्टर काही सिद्ध करत नाही. महिन्यांची मालिका करते. उष्णतेमुळे पडणारा फरक कधी वजा, कधी अधिक असतो. गळतीचा फरक सतत वजाच पडत राहतो. हे ओळखायला फार यंत्रे लागत नाहीत, हिशेब एकाच दिशेने झुकतो आहे का हे पाहणारा माणूस लागतो. आता बहुतेक पंपांवर स्वयंचलित मापन आले आहे, आकडे कंपनीपर्यंत थेट जातात. मग प्रश्न इतकाच उरतो, की ते आकडे भूजलाची काळजी असणाऱ्या एखाद्या माणसाच्या नजरेखालून जातात का.

टाकीइतकेच लक्ष नळ्यांकडे हवे. गळती म्हटली की आपण फुटलेल्या टाकीची कल्पना करतो. प्रत्यक्षात सांधे आणि नळ्या जास्त दगा देतात. यंत्राने इंधन खेचून घेण्याच्या जुन्या पद्धतीत नळी तडकली तर हवा आत शिरते, यंत्र अडखळते आणि दोष कळतो. टाकीतच बुडवलेल्या पंपाने दाब देऊन इंधन ढकलायच्या पद्धतीत नळी तडकली तर प्रत्येक विक्रीबरोबर थोडे जमिनीत जाते, आणि ग्राहकाच्या टाकीत पेट्रोल बिनबोभाट पडत राहते. सोयीची पद्धत आली, पण तिच्यासोबत दाबातली घट पकडणारे उपकरण चालू स्थितीत आहे का, हे तपासण्याची सवय आली का?

तिसरी गोष्ट, बंद टाक्या. जुना पुणे-नाशिक रस्ता गावातून जायचा. चौपदरीकरण आणि बाह्यवळण झाले तसा धंदा बाहेर सरकला. असे कुठल्याही गावात झाले की जुन्या जागांचे व्यवहार होतात, त्यावर गाळे आणि इमारती उभ्या राहतात. टाकी काढली, भरली की तशीच पुरली, हे खरेदीखतात कोणी लिहीत नाही. आणि टाक्या फक्त पंपांखालीच नसतात. एसटीची आगारे, कारखाने, मोठे वाहतूकदार यांच्याही स्वतःच्या असतात. अमेरिकेने १९८४ मध्ये कायदा केला, तेव्हा मालकांकडून पहिली मागितली ती यादी: चालू टाक्यांची, आणि १ जानेवारी १९७४ नंतर बंद करून जमिनीतच ठेवलेल्या टाक्यांचीही. १९८८ मध्ये तांत्रिक नियम आले, जुन्या टाक्या सुधारायला किंवा काढायला डिसेंबर १९९८ पर्यंत दहा वर्षे दिली. त्या देशात आजवर साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. हा आकडा वाचून अमेरिका गलिच्छ आणि आपण स्वच्छ असे मानण्याचा मोह होतो. फरक एवढाच, की त्यांनी टाक्या मोजल्या.

६. अनेक खाती, एक अनाथ प्रश्न

पेट्रोलियम कायदा १९३४चा, त्याखालचे सध्याचे नियम २००२चे. परवाना देणारी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना नागपुरात आहे. तिची नजर आगीवर. वैधमापन खाते मापावर, पुरवठा विभाग साठ्यावर, तेल कंपनी शुद्धतेवर लक्ष ठेवते. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे १९७४चा जलकायदा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विहिरींचे ज्ञान आहे, आणि २००९चा भूजल अधिनियमही. प्रत्येकाचे काम आवश्यक आहे, आणि प्रत्येकाच्या कामाची सीमा टाकीच्या पत्र्यापाशी किंवा विहिरीच्या कठड्यापाशी संपते. मधल्या मुरमाचा मालक कोणी नाही. टाकीचे वय एका फायलीत, पाणीपातळी दुसऱ्या, ग्राहकाची पाण्याची तक्रार तिसऱ्या. तिन्ही एका टेबलावर आल्या तर निम्मा तपास खुर्चीत बसूनच होईल.

७. आक्षेप

पहिला आक्षेप तज्ज्ञांचा. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गळत्यांचा आढावा घेऊन दाखवले, की बेंझीनचा पट्टा बहुतेक ठिकाणी अडीचशे फुटांच्या आत स्थिरावतो. निसर्ग स्वतः सफाई करतो. अभ्यास गंभीर होता. पण तो त्या जमिनीचा, त्या पेट्रोलचा होता. दुसऱ्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्याच राज्यातल्या सांता मोनिका शहराला आपला चारनॉक विहीरसमूह बंद करावा लागला आणि निम्म्याच्या आसपास पाणीपुरवठा गमवावा लागला, कारण पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचा नवा घटक आला होता आणि त्याला जिवाणू सहजी खात नव्हते. इंधन बदलले की जुनी खात्री रद्द होते. भेगाळ बेसाल्ट आणि २० टक्के इथेनॉल यांना ते अडीचशे फूट उसने देता येणार नाहीत. निसर्ग सफाई करतो, हे मान्य. पण करतो आहे हे मोजून दाखवावे लागते.

दुसरा आक्षेप गावातला: संगमनेर शहर नळाने निळवंड्याचे पाणी पिते, विहिरींचे काय घेऊन बसलात? मळे, वाड्या, गोठे, हॉटेले, दवाखान्यांची बोअर, उन्हाळ्यातले टँकर हे सगळे कुठून पाणी घेतात ते पाहिले तर हा आक्षेप शहराच्या वेशीपाशीच संपतो. शिवाय नळही पूर्ण सुरक्षित नाही. पेट्रोलने भिजलेल्या मातीतून प्लॅस्टिकची वाहिनी गेली, तर काही हायड्रोकार्बने नळीच्या अंगातून आणि सांध्यांच्या रबरातून आत झिरपतात.

तिसरा आक्षेप जड आहे. आपल्या भूजलाची खरी दुखणी क्षार, नायट्रेट, सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी ही आहेत. सोनईच्या साखर कारखान्याच्या सांडपाण्याने विहिरींचे काय केले यावरचा अभ्यास १९९८ मध्येच प्रसिद्ध झाला, आणि सिंचनाने संगमनेर भागातल्या भूजलावर काय परिणाम केला हेही संशोधकांनी तपासले आहे. त्यापुढे इंधनगळती हा छोटा प्रश्न. मलाही तो आकाराने छोटा वाटतो. पण नायट्रेट हजार शेतांतून येते, त्याचा उगम खणून काढता येत नाही. टाकी एका जागी असते, तिला मालक असतो, ती उकरता येते. सुटण्यासारखा प्रश्न मोठ्या प्रश्नाच्या सावलीत ठेवणे, हा आपल्या पाणीकारणातला जुनाच आळस आहे.

खर्चाचा आक्षेप पंपचालकांकडून येईल, आणि त्यात तथ्य आहे. अनेक ठिकाणी टाक्या आणि यंत्रे कंपनीच्या मालकीची असतात. भार तिथे जायला हवा. मालक परागंदा झालेल्या टाक्यांसाठी अमेरिकेने १९८६ मध्ये इंधनावर गॅलनमागे एका सेंटच्या दहाव्या हिश्श्याचा कर लावून निधी उभारला. इतका बारीक कर ग्राहकाच्या लक्षातही येत नाही.

८. संगमनेरची पहिली यादी

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. चौकट चांगली आहे. मेख 'संशयित' या शब्दापाशी आहे. संशय कोणाला आणि कशावरून यायचा? तक्रारीवरून, असे उत्तर दिले की आपण पुन्हा विहिरीपाशी, वासापाशी येऊन थांबलो.

म्हणून संगमनेरच्या यादीत तक्रारीचा रकाना शेवटी असावा. आधी प्रत्येक भूमिगत इंधनटाकी, चालू किंवा बंद, बसवल्याचे वर्ष, एकेरी पत्र्याची की दुहेरी, नळ्या खेचणाऱ्या की ढकलणाऱ्या, मागच्या तीन पावसाळ्यांत आत पाणी सापडले का, वर्षभराचा साठ्याचा फरक एकाच दिशेने झुकतो का, टाकीचा तळ आणि जवळच्या विहिरीतली मे व ऑक्टोबरची पातळी, नकाशावर सर्वांत जवळचा डाईक. जुन्या जागांसाठी महसूल दप्तरातले बिनशेतीचे आदेश आणि नगरपालिकेचे जुने परवाने चाळावे लागतील; बांधकाम परवाना देताना 'पूर्वी इथे इंधनटाकी होती का' असा एक प्रश्न अर्जात घालता येईल. या यादीत ज्या टाक्या वर येतील, त्यांच्याशेजारी दोन-तीन निरीक्षण-बोअर घ्यावेत, एक तरी डाईकच्या पलीकडे, आणि पहिला नमुना मे महिन्यात, आवर्तन सुटायच्या आधी, काचेच्या कुपीत घ्यावा.